कमरेच्या पट्ट्यातला दांडा

मित्रांनो, माझ्याजवळ यायचे तर जरा बेताने या. माझा एक कोपरा अजूनही धारदार आहे आणि त्या कोपऱ्याने माणसांची हाडे मोडली आहेत. मी एक जुना लोखंडी दांडा आहे. काटकोनात वाकलेला, एका टोकाला धरायची मूठ आणि दुसऱ्या टोकाला चौकोनी भोक. तुम्हाला वाटेल, एवढ्याशा लोखंडाला कसले आले आयुष्य? पण माझ्यासारख्या दांड्यावाचून कालव्यावरची एकही नाव टेकडी चढली नसती की उतरली नसती.

कालव्याला टेकडी लागली की पायऱ्या कराव्या लागतात. एकेक पायरी म्हणजे एक खोल दगडी हौद, त्याला वर एक दरवाजा आणि खाली एक. नाव आत घ्यायची, दरवाजे लावायचे आणि झडप उचलून पाणी भरायचे नाहीतर सोडायचे. पाणी चढले की नाव चढते, उतरले की नाव उतरते. प्रत्येक दरवाजाला अशी एक झडप असते, आणि ती जड असते. तिच्या चाकावर मला बसवून गरागरा फिरवल्याशिवाय ती हलत नाही.

खाणीजवळच्या एका लोहाराने मला घडवले. माझा जन्मच मारातून झाला म्हणा ना. त्याने मला लालबुंद तापवले, ऐरणीवर आडवे पाडले आणि शिव्या देत देत घणाने वाकवले. पाण्यात बुडवल्यावर मी फसफसलो, तेव्हा तो म्हणाला, "बस, आता तुला कोणाचा बापही वाकवू शकणार नाही." मला तो आशीर्वाद वाटला होता.

एफ्रम ट्रँटर नावाच्या नावाड्याने मला विकत घेतले आणि कमरेच्या रुंद पट्ट्यात पाठीमागे खोचले. आमच्याकडे नावाडी कामाचा की बिनकामाचा, हे त्याच्या दांड्याची मूठ बघून ठरवतात. माझी मूठ वर्षभरात चांदीसारखी झाली. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत एफ्रम मला फिरवायचा. हिवाळ्यात मी इतका गार पडायचो की त्याच्या तळव्याची साल मला चिकटून यायची. तरी तो मला कधी चाकावर विसरला नाही. दांडा चाकावर ठेवून जाणे हा आमच्याकडचा सर्वात मोठा बावळटपणा समजतात. कारण चाक अडवून धरणारी खिट्टी निसटली तर झडप धाडकन पडते, दांडा भिरभिरत सुटतो आणि समोर जे असेल ते फोडतो. असाच एकाचा जबडा गेलेला मी पाहिला आहे.

त्या नावेवरच एफ्रमचे घर होते. सगळी नाव कोळशाने भरलेली आणि मागच्या टोकाला एवढीशी खोली. तिच्यात चूल, कपाटातून खाली उघडणारा पलंग, भिंतीला टांगलेल्या जाळीदार काठाच्या बशा, एफ्रम, त्याची बायको केझाया आणि त्यांची मुलगी थर्झा. रात्री कुशीवर वळायचे तर नवराबायकोला एकदमच वळावे लागे. केझाया सकाळी बशा पुसायची आणि दुपारी त्यांच्यावर पुन्हा कोळशाची काळी पूड बसलेली असायची. धुतलेले कपडे वाळेपर्यंत पुन्हा काळे होत. कालव्याच्या पाण्यात मेलेली कुत्री वाहत यायची, म्हणून प्यायचे पाणी फुले रंगवलेल्या डब्यातून लांबून आणावे लागे, आणि ते चहाला पुरवायचे की पोरीचे तोंड धुवायला, यावरून रोज कुरबूर व्हायची.

थर्झाला अजून दोन शब्द धड जोडता येत नव्हते, पण पाय मात्र वाऱ्यासारखे सुटलेले. नाव चालू असताना तिची कंबर दोरीने बांधून ती दोरी खोलीच्या छपरावरच्या धुराड्याला अडकवलेली असे. कालव्यावरची सगळी पोरे अशीच वाढतात. शहरातल्या बायका पुलावरून बघून हळहळायच्या. केझाया त्यांना खालून ओरडून सांगायची, "तुमची पोरं रस्त्यात गाडीखाली येतात ना, तशी आमची पाण्यात जातात. तुम्ही बांधत नाही, आम्ही बांधतो. एवढाच फरक."

आता माझे दुसरे काम सांगतो. ते सांगायला मला आवडत नाही.

आमच्या कालव्यावर एक वहिवाट आहे. हौदातले पाणी ज्याच्या बाजूला असेल, पाळी त्याची. खालून येणाऱ्याला हौद रिकामा लागतो, वरून येणाऱ्याला भरलेला. समोरून नाव येताना दिसतेय, हौद तिच्यासाठी तयार आहे, आणि तरीही तुम्ही त्याचे पाणी फिरवलेत, तर त्याला हौद चोरणे म्हणतात. आमची माणसे कोंबडी चोरणाऱ्याला माफ करतील, हौद चोरणाऱ्याला नाही. आणि एफ्रम हौद चोरायचा. खाणीवर जो आधी पोचेल त्याची नाव आधी भरते, आणि त्याला कोणाच्याही मागे राहणे सोसत नसे.

मग भांडण व्हायचे, आणि भांडणात मी हातातच असायचो. मी एकाचा कान फाडला आहे. एकाची बोटे दगडावर चिरडली आहेत. एका थंडीत एका तरुण नावाड्याच्या डोक्यात मी असा बसलो की तो तीन आठवडे स्वतःच्या आईला ओळखत नव्हता. एफ्रम रक्त विजारीला पुसायचा आणि रात्री गुत्त्यात मला टेबलावर आपटून दाखवायचा. लोक हसायचे, त्याच्या पाठीवर थाप मारायचे. मला तेव्हा लाज वाटत होती, पण लोखंडाची लाज कोणाला दिसते?

केझायाला मात्र माझा तिटकारा होता. "पाव कापायच्या फळीवर तो दांडा ठेवू नकोस," ती म्हणायची. "त्याला माणसाचा वास येतो."

त्या दिवशी ढगाळ होते. आम्ही कोळसा घेऊन टेकडी उतरत होतो. मधल्या एका हौदाशी आलो तेव्हा तो रिकामा होता आणि खालून सायलस बेडोची नाव येत होती. सायलस हा थोराड, शांत माणूस. त्याची म्हातारी आई सुकाणूवर होती आणि तो काठावरून नाव ओढणाऱ्या खेचरामागून चालत होता.

"एफ्रम, हौद बेडोचा आहे," केझाया सुकाणूवरून म्हणाली. "त्याची नाव बघ, पुलाखाली आली पण."

"नाव कसली, गोगलगाय आहे ती. ती पोचेस्तोवर आपण उतरून मोकळे."

"वहिवाट मोडू नकोस. मागचं एक निस्तरलं नाही अजून."

"तू सुकाणू धर. डोकं मी चालवतो."

त्याने हौद भरला, नाव आत घेतली, वरचा दरवाजा लावला आणि खाली धावत जाऊन मला चाकावर चढवून झडप उचलली. खिट्टी अडकवली, मला काढून घेतले. पाणी गडगडत बाहेर पडू लागले. तेवढ्यात सायलस धापा टाकत वर आला.

"ट्रँटर, चोरा, माझा हौद फिरवलास."

"तुझं नाव कोरलंय का त्याच्यावर?"

"तुझ्या खेचराला रांग कळते रे. तुला तेवढीही कळत नाही."

बस. एवढ्यावर एफ्रमने मला उचलले. पहिला घाव सायलसच्या हातावर बसला. त्याच्या हातातला त्याचा दांडा दगडावरून घसरत गेला आणि हौदात पडला. दुसरा घाव तोंडावर बसला. माझ्या कोपऱ्याखाली दात मोडल्याचे मला जाणवले. सायलस गुडघ्यावर आला तरी त्याने एफ्रमचे पाय ओढले, आणि दोघे चिखलात लोळू लागले.

तेव्हा केझायाने सुकाणू सोडले. नाव अजून फारशी उतरली नव्हती, ती सहज काठावर चढली आणि त्यांना सोडवायला धावली. डोके फुटलेला तो तरुण नावाडी ती विसरली नव्हती. नवऱ्याच्या हातून खून होईल, ही एकच भीती तिच्या मनात होती. नावेवर थर्झा एकटी राहिली, धुराड्याला बांधलेली.

वरच्या दरवाजाच्या आत, पाण्याखाली, एक दगडी उंबरा असतो. हौद उतरताना नाव पुढे धरून ठेवावी लागते. ती मागे सरकली आणि तिचे टोक उंबऱ्यावर बसले, तर पाणी उतरत राहते आणि नाव तिथेच लटकते. आमच्या नावेचे तेच झाले. करकर आवाज आला. मागचे टोक वर राहिले आणि पुढचे खाली निघाले. कोळसा गडगडत पुढे गेला. खोलीत सगळ्या बशा एकदम फुटल्या. थर्झा छपरावरून घसरली, कमरेची दोरी बगलेपर्यंत सरकून आवळली आणि ती तशीच लटकली. ती ओरडली सुद्धा नाही, तिच्यात ओरडायला श्वासच उरला नव्हता.

झडप खाली पाडणे हा एकच उपाय होता. खिट्टीवर पाण्याचा सगळा भार असतो, ती नुसत्या हाताने निघत नाही. तिला दांडा लागतो. सायलसचा दांडा तळाशी गेला होता. राहिलो मी. आणि मी एफ्रमच्या मुठीत होतो.

"एफ्रम, दांडा दे," केझाया ओरडली. "नाव उंबऱ्यावर बसली. थर्झा वर आहे."

"थांब, आधी याचं बघतो," एफ्रम म्हणाला, आणि मला आणखी घट्ट धरून त्याने सायलसच्या बरगडीत हाणले.

मित्रांनो, चाक मला दिसत होते. त्याचे चौकोनी टोक आणि माझे चौकोनी भोक एकमेकांसाठीच घडवलेले. मी तिथे असायला हवा होतो, आणि मी इथे एका माणसाच्या बरगड्या मोजत होतो. लोखंडाला स्वतःहून सुटता आले असते तर मी त्या हातातून तेव्हाच सुटलो असतो.

केझायाने मागून त्याचा दंड धरला. त्याने मागे न बघता मला फिरवले. मी तिच्या गळ्याखालच्या हाडावर आदळलो आणि ते कडकन मोडले. ती पडली नाही. तिने दोन्ही गुडघे त्याच्या पाठीत रोवले, त्याचे मनगट तोंडाशी ओढले आणि दात रुतवले. हाड लागेपर्यंत तिने सोडले नाही. एफ्रम जनावरासारखा किंचाळला, मी त्याच्या हातातून पडलो आणि तिने मला उचलले.

एका हाताने तिने मला चाकावर बसवले, अंग टाकून खिट्टी सैल केली, आणि झडप पडली. पाणी थांबले. पण पोरगी लटकलेलीच होती. छपरावर पाय टाकावा तर त्या वजनाने नाव उंबऱ्यावरून सुटून पोरीसकट खाली आदळली असती. आता वरची झडप उचलून, हळूहळू पाणी भरून नाव तरंगवायला हवी होती. ती झडप उचलायला दोन हात लागतात, आणि केझायाचा एक हात लोंबत होता.

तिने मला सायलसपुढे धरले.

"तू फिरव," ती म्हणाली. "सावकाश फिरव."

सायलसने मला घेतले. त्याच्या हनुवटीवरून रक्त टपकत होते. पायाशी एफ्रम मनगट छातीशी धरून गुडघ्यावर बसला होता, मान खाली, डोके उघडे. सायलसच्या मुठीत मला तो राग कळला. मी खूप राग पाहिले आहेत, मला ते ओळखता येतात. एक घाव, आणि कोणी त्याला बोल लावला नसता.

"बाजूला सर," तो एफ्रमला म्हणाला, आणि त्याला ओलांडून वरच्या झडपेकडे गेला.

त्याने मला अर्धा वेढा दिला आणि थांबला. पाणी वळवळत आत आले. पुन्हा अर्धा वेढा. घाई केली असती तर नावेचे बुडालेले टोक पाण्याने भरून गेले असते. केझाया काठावर पालथी पडून एक हात खाली लांबवून होती आणि पोरीशी काहीबाही बोलत होती. नावेचे पुढचे टोक हळूहळू उचलले गेले. शेवटी नाव एक हिसका देऊन उंबऱ्यावरून मोकळी झाली. केझायाने थर्झाला दोरीने वर ओढून घेतले. पोर निळी पडली होती. केझायाने तिची पाठ थोपटली, चोळली, मग अक्षरशः बडवली. खूप वेळाने ती खोकली.

पुढे एफ्रम गुत्त्यात सांगायचा, "पाण्याच्या आवाजात मला बायकोचं बोलणं ऐकूच आलं नाही हो." लोकांनी ते मानले. केझायाने एकदाच, सगळ्यांदेखत, त्याला विचारले, "ऐकू आलं नव्हतं, तर 'थांब' कोणाला म्हणालास?" त्यानंतर ती गोष्ट त्याने कधी सांगितली नाही, आणि त्याच्याशेजारी पेला घेऊन कोणी बसेनासे झाले.

केझायाचे हाड वाकडे जुळले. तिने त्याच लोहाराकडून नवा दांडा आणला, तो स्वतःच्या कमरेला लावला आणि मला खोलीतल्या खिळ्याला टांगले. मला गंज चढू लागला. काम सुटल्याचे दुःख होतेच, पण त्याहून मोठे दुःख वेगळे होते. मला खिळ्यावरून नुसते काढले तरी थर्झा पलंगाखाली शिरायची. ती मोठी झाली, सगळ्या हौदांवर आईच्या बरोबरीने राबली, पण माझ्या मुठीला तिने कधी बोट लावले नाही. तिच्यासाठी पाणी मीच चढवले होते. तिला मी फक्त बापाच्या हातात आठवतो.

मित्रांनो, आता तिच्या मुलांनी मला इथे तुमच्यासमोर ठेवले आहे. माझ्यावरचा गंज पुसलात तर बरे वाटेल, नाही पुसलात तरी चालेल. मागणे एकच आहे. तुम्ही कधीतरी भांडाल. तुमच्या हातात काहीतरी असेल आणि तुमचेच खरे असेल. तेव्हा मागून कोणी हाक मारली, तर "थांब" म्हणू नका.