केस नसलेल्या बाईची इस्त्री

मित्रांनो, आत्मवृत्त सांगायचं म्हणजे जन्मापासून सुरुवात करावी लागते. माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. त्या दिवशी त्याच कारखान्यात माझ्यासारख्या चार हजार जणी जन्मल्या, आणि एकीचंही बारसं झालं नाही. मी केस सरळ करायची इस्त्री. वय एकवीस. चिमट्यासारख्या दोन पट्ट्या, एक लाल दिवा आणि गाठी पडलेली वायर, एवढा माझा संसार.

मला विकत घेतलं लूशा चेर्नेन्कॉफनं. स्लोकन नदीच्या काठी राहणारी, स्वतःचा पाव स्वतः भाजणारी, शेजाऱ्याचा पाव खाऊन गप्प राहणारी बाई. तिचे केस मेंढीसारखे कुरळे होते. दर रविवारी प्रार्थनेला जाण्याआधी ती मला तापवायची आणि अर्धा तास खपून एकेक बट सरळ करायची. मग त्या सरळ केसांवर पांढरा रुमाल घट्ट बांधायची, कारण प्रार्थनेला तिच्या पंथातल्या बायका डोकं झाकूनच जातात.

तिचा नवरा ईली दारात टोपी घेऊन उभा असायचा. लाकडाच्या गिरणीत चाळीस वर्षं काढलेला माणूस; लाकूड सरळ कापलं की त्याचं काम संपायचं.

"रुमालाखाली कोण बघतंय?" तो दर रविवारी विचारायचा.

"मला माहीत असतं ना," ती दर रविवारी म्हणायची.

अशी एकोणीस वर्षं गेली. एवढ्या नियमानं वापरलेली वस्तू घरातली होऊन जाते. लूशानं मला कधी जमिनीवर पडू दिलं नाही, आणि माझ्या पट्ट्या ती ओल्या फडक्यानं पुसायची, तेही मी निवल्यावर. इस्त्रीला याहून मोठा मान कुठला?

मग लूशा आजारी पडली. रोगाचं नाव त्या घरात कुणी घेत नाही, म्हणून मीही घेत नाही. औषध सुरू झालं आणि तिसऱ्या आठवड्यात केस उशीवर राहायला लागले. एका सकाळी तिनं मला हातात घेतलं, आरशात बघितलं आणि परत ठेवलं. न्हाणीघरातल्या खालच्या खणात, संपलेल्या दाढीच्या साबणाशेजारी. तिथं मी वर्षभर होते. तक्रार नाही. मला तापवायचं तर समोर केस तरी हवेत.

खणातून ऐकू मात्र सगळं यायचं. लूशाला अन्न जाईना. कोबी-बटाट्याचं, साय घातलेलं तिचं स्वतःचं बोर्श्ट सूप समोर आलं तरी तिला उलटी व्हायची. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, वजन त्रेचाळीस किलोच्या खाली गेलं तर औषधाचा पुढचा डोस थांबवावा लागेल. मळमळीवर त्यांनीच तोडगाही सुचवला होता: गांजाची राळ, अगदी कणभर, जेवणाआधी. आमच्याकडे ती कायद्यानं दुकानात मिळते. लूशा दुकानात गेली, डबीवरची किंमत वाचली आणि परत आली.

"एवढ्याशा डबीला एवढे पैसे?" ती म्हणाली. "त्यापेक्षा मी उपाशी बरी."

"उपाशीच आहेस," ईली म्हणाला.

घरटी चार रोपं लावायला सरकारची परवानगी आहे. ईलीनं ती टोमॅटोशेजारी लावली. लूशाला काळजी, टोमॅटोंना सवय लागेल. शरद ऋतूत कळ्या वाळल्या, आणि मग प्रश्न आला की त्यांतून राळ काढायची कशी. त्यासाठी शेजारचा लॉर्न आला. लॉर्नला सगळं येतं. त्याच्या स्वतःच्या घराचं छत गळतं, कारण वेळच मिळत नाही.

"दारूत भिजव," लॉर्न स्वयंपाकघरात बसून म्हणाला. "सगळं सत्त्व उतरतं."

"या घरात बाटली आलेली नाही, लॉर्न. पणजोबांपासून," ईली म्हणाला.

"मग गॅसनं काढ."

"नदीपलीकडच्या त्या माणसानं गॅसनंच काढलं होतं ना? त्याचं छप्पर अजून सापडतंय लोकांना."

"मग उरला दाब आणि ताप. त्यात काही घालावं लागत नाही. पण त्याला यंत्र येतं, पाचशे डॉलरचं."

"पाचशे डॉलरला मी गाडी घेतली होती."

"चालायची?"

"उतारावर."

लॉर्ननं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "लूशाची केसांची इस्त्री आहे का रे अजून?"

अशी मी खणातून बाहेर आले. माझ्या वयात नवी नोकरी सहसा मिळत नाही. मला स्वयंपाकघरात आणलं, पुसलं, तापवलं. भाजताना लूशाच्या पावाखाली असायचा त्या भट्टीच्या कागदाच्या घडीत ईलीनं एक कळी ठेवली, घडी माझ्या पट्ट्यांत धरली आणि गिरणीतल्या हातांनी मला दाबलं. चर्र झालं. घडी उघडली तर कागदावर सोनेरी चिकाचे चार ठिपके. उंदराच्या जेवणाइतके.

"एवढंच?" ईली म्हणाला.

"एवढंच असतं," लॉर्न म्हणाला. "जास्त निघालं तर समजायचं काहीतरी चुकलं."

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. लॉर्ननं ठेवलं नाही.

ते चार ठिपके सुरीच्या टोकानं खरवडून ईलीनं मधाबरोबर पावाच्या तुकड्यावर लावले. लूशानं खाल्ले. तासाभरानं तिनं विचारलं, "बोर्श्ट उरलंय का?" ईलीनं वाटी इतक्या घाईनं भरली की अर्धं टेबलावर सांडलं. पुढचे तीन आठवडे मी रोज तापत होते. वजन चव्वेचाळीसवर टिकलं. स्वयंपाकघरात माझ्यासाठी जागा झाली, मिठाच्या बरणीशेजारी. मला वाटलं, म्हातारपण चांगलं जाणार.

आणि भट्टीचा कागद संपला.

ईलीनं लूशाला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण ती झोपली होती, आणि ईलीनं आयुष्यात कधी पाव भाजलेला नव्हता. त्यानं फडताळ उघडलं आणि त्याला त्याच्या ओळखीचा कागद दिसला. मेणकागद. गिरणीत चाळीस वर्षं त्याचा चीज-पाव याच कागदात बांधून जात होता. उन्हात, बर्फात, भुश्शात, या कागदानं त्याला कधी दगा दिला नव्हता. त्यानं विश्वासानं तो उलगडला, त्यात कळी घातली आणि घडी माझ्यापुढे धरली.

मेणकागदावर मेण असतं, हे मला पट्टी टेकताच कळलं. तापलेल्या लोखंडाला मेण लगेच ओळखू येतं. ते वितळलं, राळेत मिसळलं, आणि घडी उघडली तेव्हा तिथं चार ठिपके नव्हते, चांगला गोळा होता.

"लॉर्न!" ईलीनं खिडकीतून हाक मारली. "दुप्पट!"

लॉर्न आला. त्यानं गोळा नखावर घेतला, उजेडात धरला. "याला म्हणतात हात बसणं," तो म्हणाला. "शिकवणारा बरा असला की होतं असं. पण जपून हं. एवढी निघालीय म्हणजे जोरदार असणार. अर्धीच दे."

म्हणजे लूशाच्या पोटात आता जुन्या मात्रेच्या निम्मीही राळ जात नव्हती, आणि बाकीची सगळी मेणबत्ती. हे जगात फक्त मला ठाऊक होतं. मी काय करणार? मला तोंडासारखं काहीतरी आहे, पण ते दुसऱ्यानं उघडायचं आणि दुसऱ्यानं मिटायचं. दुसऱ्या दिवशी मी सगळा जोर लावून बंद पडायचा प्रयत्न केला. पण एकवीस वर्षांत एकदाही बंद पडले नव्हते. वेळेवर तापले.

लूशाच्या मात्र पहिल्याच घासाला लक्षात आलं. ईली लाकडं आणायला मागच्या दारी गेला होता. ती चावता चावता थांबली. दातावरून जीभ फिरवली, बोटानं काहीतरी काढलं, नखानं खरवडलं, वास घेतला. मग उठली, भिंत धरत कचऱ्याच्या डब्याशी गेली आणि दाबलेली घडी उलगडून बघितली. पन्नास वर्षं पाव भाजलेल्या बाईला कागद वाचायला चष्मा लागत नाही.

ईली कवेत लाकडं घेऊन आत आला. "कसं आहे?"

आता सांगेल, असं मला वाटलं. तिनं त्याच्याकडे बघितलं. तो हसत होता. दाढीत भुसा अडकलेला, आणि तो हसत होता. वसंतानंतर पहिल्यांदाच.

"बरं आहे," लूशा म्हणाली. "आज जरा घट्ट झालंय."

"घट्ट म्हणजे चांगलं. लॉर्न म्हणाला."

"लॉर्न म्हणाला म्हणजे झालंच."

आठ दिवस असं चाललं. तो दाबायचा, ती गिळायची, मी मध्ये. जेवणाला ती दोन चमचे घ्यायची, आणि तो बाहेर गेला की बेसिनशी जायची आणि पाणी मोठं सोडायची, उलटीचा आवाज जाऊ नये म्हणून. आवाज मला येत होता. मिठाच्या बरणीपासून बेसिन हातभर.

नवव्या दिवशी दवाखान्यात जायचं होतं. सकाळी घरच्या काट्यावर बेचाळीस किलो सातशे आलं. ईली काट्याकडे बघत राहिला. लूशा रुमाल बांधायला आत गेली. त्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मला उचललं. वायर माझ्याभोवती गुंडाळली आणि मला लूशाच्या जाड कोटाच्या खिशात सरकवलं. मी वायरीसकट चारशे ग्रॅम भरते.

मित्रांनो, खरं सांगते, मला आनंद झाला. तापून काही साधलं नव्हतं. नुसतं जड असणं मला जमण्यासारखं होतं.

"कोट घाल," तो म्हणाला. "वारं आहे."

तिनं कोट घातला. खांदा एका बाजूला कलला. तिचा हात खिशाबाहेरून माझ्यावर आला, क्षणभर थांबला आणि निघून गेला. "हो, आहे वारं," ती म्हणाली.

गाडीला दीड तास लागला. दवाखान्यात मार्लीन नावाची परिचारिका होती, लूशाच्या माहितीतली. "या लूशा. कोट काढा आणि काट्यावर उभ्या राहा."

"थंडी वाजतेय तिला," ईली म्हणाला.

"इथं? मी घामानं भिजलेय." मार्लीननं कोटाला हात घातला, आणि माझा प्लग खिशातून बाहेर लोंबला. तिनं तो धरून ओढला. मी एकेक वेढा सोडत बाहेर आले. मार्लीननं मला उजेडात धरलं. मग रुमालाखालच्या त्या गुळगुळीत डोक्याकडे बघितलं.

"हे घेऊन कुठं निघालात?"

"केस सरळ करायला," लूशा म्हणाली.

मार्लीन हसली. मग ईलीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि थांबली. मला खुर्चीवर ठेवून तिनं लूशाला काट्यावर चढवलं. बेचाळीस किलो सातशे. तिनं तो आकडा दोनदा बघितला, जसा काही आपण होऊन वाढेल, आणि लिहिला. डॉक्टरीणबाईंनी डोस तीन आठवडे पुढे ढकलला. तेव्हा बघू, म्हणाल्या. ते ऐकून ईलीनं टोपी घातली, काढली, परत घातली.

परतीच्या वाटेवर मी लूशाच्या मांडीवर होते.

"मीच ठेवली खिशात," ईली म्हणाला.

"माहीत आहे."

"बोलली नाहीस."

"तूही बोलला नाहीस." ती बाहेर बघत होती. "मी मेणाचंही बोलले नाही."

"कसलं मेण?"

तिनं सांगितलं. ईलीनं गाडी रस्त्याकडेला घेतली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला. मागून लाकडांचा ट्रक भोंगा वाजवत गेला.

"आठ दिवस मी तुला मेणबत्त्या खाऊ घातल्या?"

"मध चांगला होता."

"लूशा, का नाही सांगितलंस?"

"तू इतका खूश होतास," ती म्हणाली. "मला वाटलं, मेणातही असेल काहीतरी गुण."

तो रडला की काय, ते मला दिसलं नाही. मी मांडीवर होते आणि तिनं माझ्यावर दोन्ही हात ठेवले होते. गाडी बराच वेळ तिथंच होती.

घरी येण्याआधी त्यांनी भट्टीचा कागद घेतला. ईलीनं दुकानातच खोक्यावरचं सगळं वाचून काढलं, आधी इंग्रजी आणि मग फ्रेंच. फ्रेंच त्याला येत नाही. लॉर्नला कळलं तेव्हा तो म्हणाला, मला शंका आलीच होती, आणि तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी कोबीचे दोन गड्डे दारात ठेवून गेला.

मित्रांनो, या गोष्टीला आज अकरा दिवस झाले. तीन आठवड्यांतले दहा उरलेत. राळ पुन्हा चारच ठिपके निघते, आणि ती खरी आहे. तरी काल लूशानं अर्धी वाटी बोर्श्ट खाल्लं, आज सकाळी काहीच नाही. काट्यावर ती आता चढत नाही आणि तो चढ म्हणत नाही. माझी एक पट्टी सैल झालीय, दाबताना तिरकी होते. ईलीनं तिला तारेचा वेढा दिलाय.

तुमच्या घरात आमच्यासारख्या जुन्या वस्तू असतील तर त्यांना ओल्या फडक्यानं पुसत जा, निवल्यावर. खोक्यावर लिहिलेलं असतं ते वाचत जा. आणि तुमच्यासाठी कुणी काही गिळत असेल तर 'कसं आहे' म्हणून एकदा विचारून उठू नका. दोनदा विचारा, आणि दुसऱ्यांदा विचाराल तेव्हा हसू नका.

आत्ता संध्याकाळ आहे. लूशा खुर्चीत डोळे मिटून बसलीय. ईलीनं कागदाची घडी घातली आणि माझा प्लग लावला. मी जुनी आहे, तापायला आता वेळ लागतो. तेवढा वेळ तिला थांबायला सांगा कुणीतरी.