लंकाबाईच्या दोन गायी

लंकाबाईला सकाळपासून घास गिळवत नव्हता. दूध संस्थेच्या वार्षिक सभेत आज तिला उठून बोलायचं होतं, आणि जन्मात ती चार माणसांपुढं बोललेली नव्हती. बोलायचं काम खरं तिच्या नवऱ्याचं, पण कारभारी खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडलेला. त्यानंच तिच्याकडून वाक्य घोकून घेतलं होतं: "आमच्या चंद्रीचं दूध मोजा, जबडा मोजू नका."

झालं होतं असं की संस्थेनं गावातल्या गायींच्या गळ्यात नवे पट्टे बांधले. गाय रवंथ किती करते ते म्हणे पट्टा मोजतो आणि संगणकाला कळवतो. संगणक खूश झाला तर पट्ट्यावर हिरवा दिवा, नाहीतर लाल. लंकाबाईच्या धाकट्या गायीचा दिवा हिरवा. चंद्रीचा पहिल्या दिवसापासून लाल. बिचारीच्या दाढा झिजल्यात, ती सावकाश चावते, एवढाच तिचा गुन्हा. दूध मात्र असं, की शेजारणी विरजणाला मागून नेतात.

लाल दिव्याच्या गायीचं दूध घ्यायचं नाही, असा ठराव आज यायचा होता. मग चंद्रीला घोडेगावच्या गुरांच्या बाजारात विकण्याशिवाय वाट नव्हती. चंद्री दुष्काळात चारा छावणीत जन्मली, लंकाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून वाढली. तिचं दावं परक्याच्या हातात देणं लंकाबाईला करवणार नव्हतं.

सभेत अध्यक्ष मच्छिंद्रअण्णांनी ठरावाआधी नगरच्या एका सरांना बोलायला उभं केलं. सर तरुण, हसतमुख, आणि एकदा हातात आलेला माईक सोडतील तर शपथ.

"दोन गायी कुणाकडं आहेत?" त्यांनी विचारलं.

जवळ बसलेल्या शेजारणीनं, शमशादनं, लंकाबाईला ढोसलं. "हिच्याकडं हायेत!"

लंकाबाईला उभं राहावं लागलं.

"समाजवादात मावशींची एक गाय सरकार नेणार आणि शेजारणीला देणार," सर म्हणाले. शमशादनं लगेच पदर पसरला. मांडव हसला. "साम्यवादात दोन्ही नेणार, आणि मावशी तांब्या घेऊन रांगेत. भांडवलशाहीत गायी मुंबईच्या शेठच्या, मावशींकडं फक्त शेण. आणि आपल्याकडं? एक गाय सरकारची, एक मावशींची, आणि वैरण कुणी टाकायची हे ठरवायला समिती!"

लोक मांड्या थोपटत होते. लंकाबाईही हसली, पण आतून धास्तावली. कुठल्याही देशात गेलं तरी आपली एक गाय जातेच आहे! त्यात सरांनी ताजी बातमी सांगितली, की परदेशात गायीशिवाय टाकीत दूध तयार करायला लागलेत. म्हणजे उद्या दोन्हीही गेल्या.

सर बसले. हशा अजून ओसरला नव्हता, तोवर अण्णांनी ठराव वाचायला घेतला. आत्ता नाही तर कधीच नाही, असं म्हणून लंकाबाईनं बोलायची परवानगी मागायला हात वर केला.

"तर ठराव मंजूर असेल त्यांनी..." अण्णांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा खुलला. "बघा! दोन गायींच्या मालकिणीनं सगळ्यांच्या आधी हात वर केला!"

"मंजूर! मंजूर!" मांडव गरजला. दरवर्षी गरजतो तसाच. भराभर हात वर गेले. लंकाबाईचं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं, तेवढ्यात तिच्याच नावानं टाळ्या पडल्या. आणि वाईट हे, की टाळ्या ऐकून ती कसनुशी हसलीसुद्धा.

घरी कारभारी वाटच बघत होता. "बोललीस का?"

"बोलनं झालं न्हाई," ती म्हणाली. "पर हात वर केला."

तो खाटेवर उठून बसायला धडपडला. "समद्या गावापुढं? येकटीनं?"

"येकटीनं न्हाई. समद्यांनी केला."

"मंजी गाव आपल्याकडनं हाय म्हन की!" कारभारीचे डोळे भरून आले. "लई झालं, लंके. जा, चंद्रीला आज पेंड जास्ती टाक."

खरं सांगायचं सोडून ती पेंड घ्यायला वळली. तो कितीतरी दिवसांनी हसत होता.

गोठ्यात तिनं पेंडीची पाटी चंद्रीपुढं ठेवली. चंद्री तिचा हात चाटून सावकाश खायला लागली. दिवा लालच होता. लंकाबाईला तिच्या डोळ्यांकडं बघवेना.