सायीला कुणापाशी ठेवायचं?

मित्रांनो, आज मला पाहाल तर पायपुसणंच समजाल. माझा लाल रंग उतरून विटकरी झाला आहे, कडा विरल्या आहेत आणि मधोमध एक भोक आहे. पण मी पायपुसणं नाही, मी कांगा आहे. आमच्या म्वांझा शहरात, सरोवराच्या काठी, बायका जे सुती कापड कमरेला गुंडाळतात, डोक्यावर घेतात आणि ज्याने मूल पाठीशी बांधतात, ते मी.

माझा जन्म दार-एस-सलामच्या एका गिरणीत झाला. कांगा कधी एकटी जन्मत नाही. दोघी एकाच तुकड्यात छापल्या जातात आणि प्रत्येकीच्या काठावर एक ओळ असते. आमच्यावर लिहिलं होतं, ‘शेजारणी, आपली चूल सांभाळ.’ माझी मालकीण मिलेंबे, तिच्या लग्नात तिच्या आत्याने तिला ही जोडी दिली, तेव्हा ती ओळ वाचून जमलेल्या बायका एकमेकींकडे बघत गालात हसल्या होत्या. आत्यानेच आम्हाला कात्रीने वेगळं करून काठ शिवले. माझी जुळी बहीण लगेच मिलेंबेच्या कमरेला गेली. मी मात्र पेटीच्या तळाशी पडून राहिले. वाटायचं, आपलं नशीबच फुटकं.

मग मिलेंबेची लेक सायी जन्मली आणि माझं भाग्य उघडलं. मूल पाठीशी कसं बांधतात, ठाऊक आहे? आई कमरेत वाकते, मुलाला पाठीवर पालथं घालते, वरून मला ओढून घेते आणि छातीवर गाठ मारते. तेवढ्या वेळात मूल पडत कसं नाही? कारण ते आईला बिलगतं. जरा मान धरू लागलं की त्याला हे आपोआप येतं, कोणी शिकवत नाही. ते गुडघे तिच्या कमरेला आवळतं, गाल पाठीला लावतं आणि झोपेतसुद्धा सोडत नाही. मी अवाक् होऊन पाहत राहायचे. एवढासा जीव आणि केवढी त्याची पकड! आईवर केवढा भरवसा! दोघींभोवती गुंडाळलेली असताना मला सायीचा श्वास कळायचा आणि मिलेंबेचाही. गिरणीत कापड विणलं जातं, पण त्याला अर्थ येतो तो असा, हे मला तेव्हा पटलं.

मिलेंबे मासळी बाजारात बारीक मासळी तळून विकायची. समोर उकळत्या तेलाची कढई आणि पाठीवर सायी. दुसरा इलाज नव्हता. सायीचा बाप होडीवर आणि आजी दूर गावी. एक दिवस हमालाच्या धक्क्याने मिलेंबे अर्धी वळली, कढई हेलकावली आणि तेल थेट तिच्या पाठीकडे उडालं. ते माझ्यावर पडलं. मधोमध मला हे भोक पडलं, सायीची पाठ मात्र नुसती लाल झाली. शेजारच्या चुलीवरची ताबू धावत आली, तिने पाठीवर गार पाणी ओतलं आणि सायी बरी आहे असं बघून मगच बोलली.

“सायीची आई, पुढच्या खेपेला कापड पुरायचं नाही हं.”

सायीला दिवसभर कुणापाशी तरी ठेवायलाच हवं होतं, पण कुणापाशी? ज्याला अजून आपलं नावही सांगता येत नाही, असं लेकरू कुणाच्या हाती द्यायचं?

बाजारामागे लिओकाडियाबाईंचं पाळणाघर होतं. पक्कं घर, निळ्या भिंती, स्वच्छ चटया. आम्ही भर सकाळी गेलो, तर सगळी मुलं ओळीने झोपलेली. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मिलेंबे हरखून गेली. आमच्या बाजारात एक समज आहे, पाठीवरचं मूल गप्प असलं की आई शहाणी. ते रडलं की आजूबाजूच्या बाया आईलाच टोमणे मारतात, ‘हिला बांधता तरी येतं का?’ मिलेंबेला वाटलं, जिच्याकडे एवढी मुलं अशी गप्प, ती बाई किती शहाणी असेल. दारातून आत यायचं नाही, मुलं बिचकतात, असं बाई म्हणाल्या. तिने तेही मानलं आणि सायीला ठेवलं. बाईंनी मला मात्र परत केलं. असल्या चिंधीची आमच्याकडे गरज पडत नाही, म्हणाल्या.

पहिल्या संध्याकाळी सायी झोपेतच परत आली. खेळून दमली असेल, असं मिलेंबे म्हणाली. दुसऱ्या संध्याकाळीही तेच झालं. मला काहीतरी खटकत होतं. माझ्याखाली सायी ओल्या कणकेसारखी ओघळत होती. पण कापडाला कुठली वाचा? तिसऱ्या संध्याकाळी मिलेंबे वाकली, सायीला पाठीवर घातलं, मला ओढणार तोच सायी घसरली. ताबू मागेच उभी होती, तिने झेलली म्हणून बरं.

मिलेंबे तशीच वाकलेली राहिली. मग हळूच म्हणाली, “ताबू, झोपलेलं मूलसुद्धा बिलगतं गं. ही बिलगत नाहीये.”

दोघी दवाखान्याकडे पळाल्या. तिथल्या नर्सने सायीच्या पापण्या उघडून पाहिल्या, ओठांचा वास घेतला आणि खोकल्याचं झोप आणणारं औषध दिलंय का, असं विचारलं. मिलेंबेने नकारार्थी मान हलवली आणि त्याच क्षणी तिच्या डोळ्यांपुढे ती ओळीने झोपलेली मुलं आली. मग आम्ही बाकावर बसून राहिलो. सायीचा श्वास इतका मंद होता की मला माझीच शंका येई. मी आयुष्यात कशाला घाबरले नव्हते, उकळत्या तेलालाही नाही. तेव्हा मात्र घाबरले.

फार वेळाने सायी हलली. तोंड वाकडं केलं आणि असा टाहो फोडला की ओसरीतली सगळी माणसं वळली. मिलेंबे तिला छातीशी धरून हसत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. एवढा सुंदर आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी मिलेंबे भर दुपारी, न सांगता, लिओकाडियाबाईंच्या दारात गेली. दाराला आतून कडी होती. दार उघडेपर्यंत तिने ते बडवलं. बाई बाहेर आल्या त्या बाटली आणि चमचा हातात घेऊनच.

“रडकं मूल परत दिलं तर तुम्हीच तोंड वाकडं करता,” बाई म्हणाल्या. “तुम्हा बायांना शांतता हवी, मी शांतता देते.”

मिलेंबे थेट बाजारात गेली आणि ज्यांची मुलं तिथे होती त्या एकेकीला गाठून सगळं सांगितलं. संध्याकाळच्या आत ती निळी खोली रिकामी झाली.

मग ताबूने खडकाळ टेकडीवर मुलं सांभाळणाऱ्या न्यांजिगेमावशींचं नाव सांगितलं. त्यांच्या घराचा गलका पायथ्यापासून ऐकू येत होता. दार सताड उघडं. एक पोर रडत होतं, दोन भांडत होती, एक मावशींच्या लेकीच्या पाठीवर होतं. मावशींनी आधी मिलेंबेचीच झडती घेतली. सायी भुकेने कशी रडते, झोप आली की कशी, कशाला भिते, काय खाल्लं की बाधतं. मग म्हणाल्या, “जागा नाही.”

मिलेंबेने गयावया केली, आणखी एका पोराने काय बिघडतंय, असं विचारलं.

“आग लागली तर मी आणि माझी लेक, आमच्या पाठी आणि आमचे हात,” मावशी म्हणाल्या. “त्यात मावतील तेवढीच पोरं मी ठेवते. तुझी पोर कुणाच्या हातात देऊ, तूच सांग.”

माझ्या उभ्या अंगावर काटा आला. रोज दारात आलेल्या मुलाकडे बघून ही बाई आधी आगीचा विचार करते. किती मोठं हे काळीज. खाली उतरताना मिलेंबे म्हणाली की थांबेन, पण ठेवीन तर इथेच.

ती थांबली. कढई ताबूला दिली, स्वतः वाळूवर मासळी वाळवायला लागली. त्यात कमाई थोडी, पण तेल नाही. मावशींकडचा एक मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा निरोप आला. पहिल्या दिवशी मावशींनी मला मागून घेतलं. “धुऊ नकोस,” म्हणाल्या, “तुझा वास राहू दे.” संध्याकाळी मिलेंबेने कशी होती म्हणून विचारलं, तर मावशी म्हणाल्या, “दिवसभर रडली. खोटं कशाला सांगू? उद्याही रडेल.”

ते ऐकून मिलेंबेने निर्धास्त मान डोलावली. काही दिवसांनी, मावशींच्या पाठीवर, सायीने पहिल्यांदा गुडघे आवळले. माझा धागा न् धागा थरारला.

आता सायी स्वतःच्या पायांनी शाळेत जाते. मी मावशींकडेच राहिले आहे. माझ्या काठावरची ओळ आता वाचता येत नाही, आणि हिला फेकून का देत नाही, असं येणारे-जाणारे मावशींना विचारतात. त्याचं मला वाईट वाटतं, नाही असं नाही.

मित्रांनो, एवढंच सांगते. तुमच्या घरचं लहानगं कुणापाशी ठेवायची वेळ आली तर शांततेला भुलू नका. दार उघडं आहे का बघा, भलत्या वेळी जाऊन बघा, आणि ‘जागा नाही’ म्हणणारीचा राग धरू नका. संध्याकाळी मूल हाती आलं की घरी जायची घाई करू नका. आधी त्याला छातीशी धरा आणि ते तुम्हाला धरतंय का, तेवढं बघा.