गमछ्याच्या सावलीत चौतीस इंच

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. माणूस समोर उभा होता, तुम्ही मान वर केली नाही. विचारलं नाही, बघितलं नाही, आणि लिहून मोकळे झालात: नत्थू खोब्रागडे, शिक्षण सातवी, वर्गवारी अकुशल. खाली सही, सहीवर गोल शिक्का. नवा रायपुरातल्या त्या थंडगार खोलीत तुमच्या समितीला या कामाला चार मिनिटं लागली. नत्थूला ते गिळायला दोन वर्षं पुरली नाहीत. तर आता ऐका, शंकर नगरच्या एका दुकानात त्या अकुशल माणसानं काय केलं ते.

नत्थू बीरगांवचा. जवळच्या उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात, एका रोलिंग मिलमध्ये सत्तावीस वर्षं तो भट्टीवर होता. लोखंडाच्या लांब चौकोनी कांड्या भट्टीत तापतात, त्यांना बिलेट म्हणतात. बिलेट बरोबर तापली की ओढायची आणि रोलरमध्ये घालायची. कमी तापली तर रोलर मोडतो, जास्त तापली तर लोखंड जळतं. तापमान दाखवायला मीटर होतं, पण ते अर्धं वर्ष बंदच असायचं. मग मिल चालायची नत्थूच्या डोळ्यावर. भट्टीच्या दारासमोर उभं राहायचं, गमछा डोक्यावरून पुढं ओढून डोळ्यांवर सावली धरायची, आत बघायचं आणि ओरडायचं, "काढ!" गमछा अशासाठी, की पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हात तापलेलं लोखंडसुद्धा थंड दिसतं. सत्तावीस वर्षांत त्याच्या पाळीत एकदाही रोलर मोडला नाही.

पण हे कुठल्या शाळेनं शिकवलं नव्हतं, म्हणून त्याचा कागद नव्हता. ठेकेदार बदलला, वर्गवारी नव्यानं झाली, आणि समितीच्या एका शब्दानं नत्थू भट्टीवरून गोदामात आला. हातात झाडू.

त्याची मुलगी नीलिमा तेवीस वर्षांची. व्हिडिओ जोडायचं काम करते. लग्नं, वाढदिवस, जयंतीच्या मिरवणुका. उरलेल्या वेळात गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळते, आणि खेळते म्हणजे अशी की रायपूरची निम्मी पोरं तिला 'बीरगांव की नीलू' या नावानं ओळखतात, चेहरा न बघता घाबरतात. हे सगळं ती एका जुन्या, कुणीतरी वापरून टाकलेल्या मॉनिटरवर करायची. त्या मॉनिटरनंच तिचा घात केला.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचा व्हिडिओ तिनं केला होता. पडदा म्हातारा होऊन हिरवट पडला होता, तिला वाटलं चित्रीकरणच हिरवट आहे, म्हणून ती गुलाबी छटा वाढवत गेली. तिच्या पडद्यावर सगळं झकास दिसलं. लोकांच्या मोबाइलवर निळा झेंडा चक्क जांभळा दिसला. हजार माणसं, ढोल, घोषणा, आणि सगळ्यांच्या हातात वांग्याच्या रंगाचे झेंडे! अख्ख्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, तिची फजिती झाली. लहान पोरंसुद्धा तिला बघून "वांगे दीदी, वांगे दीदी" करायला लागली. विहार समितीचे अध्यक्ष हिरालाल यांनी तर भर सभेत सुनावलं, "निळा रंग कोणता, हे आपल्याच पोट्टीले माहीत नसावं, म्हणजे कमाल आहे."

तरी ऑक्टोबरमधल्या धम्मचक्र दिनाची फिल्म त्यांनी तिलाच दिली. पण बजावून दिली. "हे शेवटचं. निळा निळाच दिसला पाहिजे. नाही तर पुढचं सारं काम भिलाईच्या स्टुडिओले."

म्हणून नवा मॉनिटर. एकच घेता येणार होता, चुकला तर दुसरा नाही. नीलिमानं महिनाभर अभ्यास केला. चौतीस इंच, रुंद, म्हणजे व्हिडिओचे सगळे तुकडे एका ओळीत दिसतील आणि गेममध्ये शेजारून घुसणारी गाडीही दिसेल. चित्र सेकंदाला किमान एकशे चव्वेचाळीस वेळा बदललं पाहिजे. सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. निघताना बघते तर बाबा चपला घालून दारात.

"मी येतो संग."

"बाबा, आप क्या करोगे? वहाँ भट्टी नहीं है."

"तुले रंगच पाह्याचा आहे ना? मंग."

आतून शेवंता, तिची आई, ओरडली, "ने त्याहिले संग, पोट्टे. घरी राहिले की तोच शिक्क्याचा कागद उलटून-पालटून पाहून राह्यतात."

बाबांनी झोळीत काहीतरी घडी करून टाकलं. काय ते तिनं विचारलं नाही.

दुकान म्हणजे नुसता झगमगाट. छताला जांभळ्या, हिरव्या दिव्यांच्या पट्ट्या, खाली ओळीनं पडदे. मालक अभिनव, तिशीतला, बोलायला गोड. त्यानं तीन रुंद मॉनिटर दाखवले. पहिला कमानीसारखा वळलेला, पाठीला लाल दिवे. दुसराही वळलेला, जरा साधा. तिसरा सपाट, काळा, शाळेतल्या फळ्यासारखा.

"दीदी, पहलेवाला लीजिए. सब गेमर यही ले जाते हैं."

पहिल्यावर पोपट उडत होते, समुद्र उसळत होता, काळा रंग डांबरासारखा काळा. नीलिमा बघतच राहिली. खरं सांगायचं तर तिचं ठरलंच होतं.

नत्थूनं पोपटाकडं वाकून बघितलं. "भैया, ये तोता कहाँ मिलता है?"

"जी अंकल?"

"इतना हरा. हमारे उधर के तोते ने तो कभी इतना नहीं खाया."

अभिनव हसला. नीलिमा नाही हसली. नत्थू तिला म्हणाला, "माझ्या भट्टीचा लाव."

नीलिमानं सोबत आणलेल्या पेन ड्राइव्हमध्ये तो व्हिडिओ होता. भट्टीवरच्या शेवटच्या पाळीत एका सोबत्यानं मोबाइलवर घेतलेला. पहिल्या पडद्यावर बिलेट बाहेर आली, टमाट्यासारखी लालबुंद.

"चूक," नत्थू म्हणाला. "एवढी लाल म्हणजे थंड. अशी असती तर मी काढलीच नसती. अन् ठिणगीले शेपूट काहून आहे?"

"अंकल, वो इफेक्ट है."

नीलिमानं पुढं वाकून बघितलं. अंधारातून उडणाऱ्या प्रत्येक ठिणगीमागं एक काळपट रेघ ओढली जात होती. या जातीचे पडदे अंधारात मागं पडतात, हे तिनं दहा ठिकाणी वाचलं होतं. वाचलं होतं, पण दिसलं नव्हतं. रात्रीच्या शर्यतीत प्रत्येक गाडीनं अशीच सावली फरफटत नेली असती. महिनाभर वाचून तिला जे दिसलं नाही, ते बाबांना एका ठिणगीत दिसलं.

"भैया, ऊपर की बत्ती बंद करो," नत्थू म्हणाला.

"शोरूम है अंकल, बत्ती कैसे बंद होगी?"

"ठीक है."

त्यानं खांद्यावरचा गमछा काढला, डोक्यावर घेतला, पुढचं टोक पहिल्या मॉनिटरच्या वरच्या काठावर टाकलं आणि आत शिरला. बाहेर राहिली ती फक्त पाठ आणि टाचा झिजलेल्या चपला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. एक फिस्सकन हसला. दुसऱ्यानं, तोही मॉनिटर घ्यायलाच आला होता, मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. नीलिमाचे कान तापले. का लपवायचं? त्या क्षणी तिला वाटलं, आपण यांच्यासोबत आलोच नाही असं दाखवावं.

गमछ्याखालून हाक आली, "नीलू, झोळी घे अन् दारात जा. उन्हात."

झोळीत झेंडा होता. घरचा, सुती, दर वर्षी धुऊन ठेवलेला. ती काचेच्या दारापाशी उभी राहिली. नत्थू बाहेर आला, झेंडा तिच्या दोन्ही हातांवर पसरला.

"पाह्य. घाई नको करू. भरला डोळ्यात? आता तसाच घेऊन माझ्या संग आत ये. मंधात कुठं पाहू नको."

सगळं दुकान बघत होतं. शूटिंग चालू होतं. आणि नीलिमा खोब्रागडे, बीरगांव की नीलू, बापाच्या गमछ्याखाली शिरली.

आत साबणाचा वास, अंधार, आणि समोर पेन ड्राइव्हमधून लावलेली, तिनंच काढलेली मिरवणूक. काहीही न बदललेलं, कॅमेऱ्यातलं मूळ चित्रीकरण. पहिल्या पडद्यावर झेंडा जांभळ्याकडं झुकला होता. आता तिला ते असं दिसलं, की आधी कसं दिसलं नाही याचीच लाज वाटली. नत्थूनं गमछा दुसऱ्यावर सरकवला; तिथं रंग बरा, पण डावा कोपरा उजळलेला, जणू मागून कुणी बॅटरी धरलीय. तिसऱ्यावर तिचे डोळे थांबले. आत्ता उन्हात होता तोच झेंडा.

"हाच," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, हे तिच्याही ध्यानात आलं नाही.

"हव," नत्थू म्हणाला. "पांढरा जरासा थंड आहे याचा, निळ्याकडं जाऊन राहिला. पण तेवढं समजावता येते त्याले. पहिला तर समजावूनही ऐकणार नाही."

गलबला ऐकून आतल्या खोलीतून सोनिया आली. शहरातल्या स्टुडिओंचे पडदे यंत्रानं तपासून, रंग जुळवून देणं हे तिचं काम. अभिनवला धीर आला.

"लो अंकल, अब मशीन बता देगी."

"बताने दो," नत्थू म्हणाला. "पहले मेरा सुन लो. तीसरा अच्छा, सफेद थोड़ा ठंडा. दूसरा ठीक, कोना खराब. पहला झूठा."

सोनियानं उंदरासारखं काळं यंत्र एकेका पडद्यावर टेकवलं. दहा-पंधरा मिनिटं गेली. आकडे येत गेले तशी ती आकड्यांकडं कमी आणि नत्थूकडं जास्त बघायला लागली. पहिल्याचा निळा सगळ्यात जास्त घसरलेला. दुसऱ्याचा डावा कोपरा मधल्या भागाहून उजळ. तिसरा सगळ्यात खरा, फक्त पांढरा थोडा थंड. जसं सांगितलं होतं तसं, त्याच क्रमानं.

"अंकल," तिनं विचारलं, "आप कौन से स्टूडियो में हैं?"

"गोदाम में. झाड़ू लगाता हूँ."

नीलिमा पुढं आली.

"नहीं दीदी," ती मोठ्यानं म्हणाली, दारातल्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "भट्टी पर थे. सत्ताईस साल. पूरी मिल इनकी आँख पर चलती थी."

शूटिंग करणाऱ्यानं मोबाइल खिशात घातला. जरा वेळानं तो जवळ आला, मान खाजवत म्हणाला, "अंकल, एक मिनट मेरा वाला भी देख देंगे?"

नत्थूनं गमछा झटकला. "पैंट में से मोबाइल निकालो पहले. वो जो खींचा है, पूरा खींचो. मशीन वाला भी." आणि गेला त्याचा मॉनिटर बघायला.

नीलिमानं तिसऱ्यावर तिचा गेम लावला. रात्रीची शर्यत, पाऊस, ओला रस्ता. डावीकडून एक गाडी घुसायला आली, ती तिला वेळेवर दिसली, आणि तिनं तिला भिंतीवर घातली. एकाही गाडीला शेपूट नव्हतं. सोनियानं तिथंच पांढरा जुळवून दिला, यंत्राचा अहवालही दिला, आणि शूटिंगवाल्यानं पूर्ण व्हिडिओ नीलिमाच्या मोबाइलवर पाठवला. खोकं ऑटोत मावेना, तेव्हा नत्थू ते मांडीवर आडवं धरून बीरगांवपर्यंत आला, निम्मं खोकं बाहेर, आणि गल्लीत शिरताना मुद्दाम ऑटोवाल्याला म्हणाला, "धीरे चलो, लोगों को देखने दो."

ऑक्टोबरात विहाराच्या अंगणात फिल्म दाखवली. पहिला झेंडा आला तसे हिरालाल खुर्चीतून उठले. मागचे ओरडले, "बसा न भाऊ!" ते बसले नाहीत. पडद्यापाशी गेले, पडद्यावरचा झेंडा बघितला, मग अंगणातल्या खांबावरचा, दिव्याच्या उजेडातला. परत येताना नीलिमापाशी थांबले. "निळा आहे," एवढंच म्हणाले. मग नत्थूकडं वळून, "पुढची जयंतीही हिलेच."

दुसऱ्या दिवशी दुपारी नीलिमा नव्या मॉनिटरसमोर बसली. डाव्या बाजूला तिनं त्या शिक्क्याच्या कागदाचा फोटो उघडला. उजव्या बाजूला भट्टीचा व्हिडिओ. मध्ये भरपूर जागा उरली, तिथं ती लिहायला लागली.

नत्थू मागं येऊन उभा राहिला. "काहून लिहून राहिली? दोन वर्षं झाले त्याले."

"जागा आहे बाबा," ती म्हणाली. "पडदा रुंद आहे."

अर्ज हिंदीत होता. त्याचा अर्थ असा:

मा. समिती, नत्थू खोब्रागडे यांची वर्गवारी तुम्ही त्यांचं काम न बघता ठरवली आहे. रंग तपासणाऱ्या यंत्राचा अहवाल आणि त्या दिवसाचा पूर्ण व्हिडिओ सोबत जोडला आहे. यंत्र लावण्याआधी त्यांनी काय सांगितलं ते ऐकावं. भट्टीतल्या एका बिलेटचा फोटोही जोडला आहे. तो तुम्ही सगळ्यांनी, खोलीतला दिवा बंद करून, नीट बघावा. ही बिलेट आता काढायची, की अजून थांबायचं? तुमच्यापैकी जो कुशल असेल त्यानं सांगावं. सांगता येत नसेल, तर ज्याला सांगता येतं त्याच्या नावापुढं तुम्ही 'अकुशल' कशाच्या आधारे लिहिलं? पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या.