दुसरा आवाज

मी शटरचा आकडा बोलतोय. गणितातला नव्हे हो, लोखंडी. कमरेएवढी सळई आणि टोकाला वाकवलेलं नाक, एवढाच माझा देह. सध्या मुक्काम कोर्टाच्या मुद्देमालाच्या खोलीत. अंगावर लाखेचं सील आहे आणि मानेला चिठ्ठी. शेजारी एक फुटकी बाटली असते, पण ती कुणाशी बोलत नाही.

माझा जन्म खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या कारागिराच्या शेडमध्ये झाला. जाळीतून उरलेला तुकडा म्हणून मी कोपऱ्यात पडून होतो. एक दिवस बॅगा आणि चेन दुरुस्त करणारी एक बाई आली. तिने नवीन दुकान घेतलं होतं, पण शटरपर्यंत तिचा हात पुरत नव्हता. कारागिराने मला तापवून वाकवलं आणि म्हणाला, "घ्या, आता शटर तुमचं ऐकेल."

शटरने कधीच कुणाचं ऐकलं नाही. खाली येताना ते जमिनीपासून वीतभर वर हटकून अडायचं. मग मालकीण खालच्या पट्टीवर माझा एक दणका द्यायची. ठण्! की बसलं शटर. रोज संध्याकाळी हा कार्यक्रम. पुढे पुढे तर ती फोनवर भाजीचे भाव बोलत असायची आणि हात आपला दणका देऊन मोकळा व्हायचा. दणका दिला का, असं विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. माणसांच्या हातांचं मला तेव्हापासून कुतूहल आहे.

मग तिची थोरली बहीण दुकानात आली. हातात कपड्यांची पिशवी, डोळ्याखाली काळंनिळं. ती आली ती परत गेलीच नाही. मागच्या बाजूला बसून जुन्या चेन उसवायची आणि रस्त्यावर कुणी मोठ्याने बोललं तरी दचकायची. मालकीण तिला काही विचारत नसे, फक्त चहाचा कप पुढे सरकवायची.

दुकान बंद करायच्या वेळी एकदा ताईचा नवरा आला. मालकीण त्याला भावोजी म्हणायची. आधी तो गोड बोलला, मग आवाज चढला, आणि मग फळीवरची चामडं कापायची सुरी त्याच्या हातात आली. तो ताईकडे निघाला. ताईने गुडघ्यांत तोंड खुपसलं. मालकिणीने मला उचललं आणि मी त्याच्या खांद्यावर बसलो. सुरी सुटली, तो तोल जाऊन बाहेर कोसळला आणि त्याचं डोकं पायरीवर आपटलं. त्यानंतर समोरच्या चष्मेवाल्याने आपल्या दुकानात बसल्या बसल्या आणखी एक आवाज ऐकला.

भावोजी वाचले, पण मालकिणीवर खटला भरला गेला, आणि तो सगळा त्या दुसऱ्या आवाजावर उभा राहिला.

मी कोर्टात टेबलावर पडून सगळं ऐकत होतो. खरं सांगतो, मला कायदा भलताच आवडला. पहिल्या घावाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. आपल्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर कुणी सुरी घेऊन आला तर मारायचा हक्क आहे, हे सरकारी वकीलही मान्य करत होते. घाबरलेल्या माणसाने तराजू घेऊन मारावं अशी अपेक्षा नाही, असं न्यायाधीशबाई स्वतः म्हणाल्या. पण सुरी सुटली, माणूस पडला, की धोका संपला. त्यानंतरचा घाव हा बचाव नव्हे. तो सूड, आणि त्याला तुरुंग. भीती नेमकी कुठे संपते हे शोधायला एवढी शिकलेली माणसं बसली होती.

भावोजी म्हणाले, पडल्यावर तिने डोक्यात घातला. डॉक्टर म्हणाले, जखम पायरीची असेल, सळईचीही असू शकेल. मग मालकिणीला विचारलं.

"मला आठवत नाही," ती म्हणाली. "मारलाही असेल. राग तर होताच."

तिच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. पण गडी हिकमती. त्यांनी चष्मेवाल्याला विचारलं, आवाज कसे होते? तो म्हणाला, पहिला धप्प, दुसरा ठण्. सरकारी वकील म्हणाले, डोक्यात घालताना सळई पायरीवर आपटली असेल. पोलीस आले तेव्हा शटर बंद होतं, याकडे तिच्या वकिलांनी बोट दाखवलं, आणि शेवटी न्यायाधीशबाईंनी दुकान बघायचं ठरवलं.

हवालदाराने मला फडक्यात गुंडाळून नेलं. दुकानात शिरल्याबरोबर चामड्याचा वास आला आणि मला भरून आलं. मालकिणीला सांगितलं, रोजच्यासारखं बंद करा. तिने मला अडकवून शटर ओढलं, ते वीतभर वर अडलं. तेवढ्यात न्यायाधीशबाईंनी विचारलं की दुकानात आणखी कोण काम करतं. "आता ताई असते," ती वळून म्हणाली, आणि बोलता बोलता हाताने दणका दिला. ठण्!

समोरून चष्मेवाला कुणी न विचारता म्हणाला, "हाच तो आवाज."

मालकीण स्वतःच्या हाताकडे बघत राहिली.

ती सुटली. कोर्टाच्या व्हरांड्यात ताई तिच्या गळ्यात पडून रडली. मालकीण मात्र हळूच म्हणाली, "त्यांना पटलं, ताई. मला नाही पटत. हात वर गेलेला आठवतो मला. तो खाली कुठे आला ते आठवत नाही." कारकुनाने विचारलं, सळई परत नेणार का? तिने मान हलवली, नको. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं.

आता तिथे बटणावर चालणारं शटर बसवलंय म्हणे. हवालदार बोलत होते.

मला साक्षीला कुणी उभं केलं नाही, पण मी त्या मुठीतच होतो. तो पायरीवर पडला होता आणि मी त्याच्या डोक्यावर उगारलेला होतो, हे खरं. पुढे काय होणार, मलाही माहीत नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग ताईकडे पाहिलं. आणि माझं नाक शटरमध्ये अडकवून ते खाली ओढलं, आणि ते अडलं तेव्हा रोजचा दणका दिला.

तुमच्या बॅगेची चेन कधी बिघडली आणि तिच्या दुकानात शिरलात, तर माझं एवढं काम करा. तिला म्हणावं, आकड्याने निरोप दिलाय: हात वर गेला होता, पण तो शटरवरच आला.