यारुमी नदी कुणी साफ केली?

पुएर्तो आल्सोलाच्या नगरपालिकेला एक दिवस शोध लागला, की गावातली यारुमी नदी स्वच्छ झाली आहे. ती स्वच्छ होऊन सात वर्षं झाली होती, पण पालिकेच्या मानाने हे लवकरच म्हणायचं. शिवाय निवडणूक तीन महिन्यांवर आली होती.

हे शहर दीडशे वर्षं नदीच्या जिवावर जगलं आणि नदीच्याच जिवावर उठलं. आधी इंग्रजांनी मांस खारवण्याचा कारखाना काढला. पाणी लाल वाहायचं, आणि त्याला गावात सुबत्ता म्हणायचे. पुढे मांस बर्फात घालून पाठवायची सोय झाली, खारं मांस कुणी खाईना, आणि इंग्रज भिंतीवर एक बंद घड्याळ तेवढं ठेवून निघून गेले. त्याच जागेत लोकरीची गिरणी आली. मग पाणी सोमवारी निळं, गुरुवारी हिरवं. गिरणीचे बाराशे कामगार, त्यांच्यावर जगणारे खाटीक, न्हावी, शिंपी, शिवाय दोन सिनेमागृहं. मासे मात्र गाव सोडून गेले. त्यांची युनियन नव्हती.

देल्मिरा बेंतांकोर त्या गिरणीच्या रंगखात्यात एकतीस वर्षं होती. गिरणी बंद पडल्यावर ती घराच्या खिडकीतून तोर्ता फ्रिता तळून विकायची. पाऊस पडला की गावाला त्या तळलेल्या पुऱ्यांची हटकून आठवण यायची, म्हणून तिला ढग आवडत.

पालिकेचा प्रसिद्धी अधिकारी विल्मार इचेनिके त्या खिडकीशी आला तो कडक उन्हात.

"बाई, समारंभात पहिल्यांदा पाण्यात तुम्ही उतरायचं. गुडघ्यापर्यंत. मग हे वाचायचं."

"मीच का?"

"जुन्या कामगार, रंगाने माखलेले हात... लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं हो."

"हातांचा रंग जाऊन पाच वर्षं झाली."

"थोडा लावू या की."

तिने कागद वाचला. "'साहेबांनी आमची नदी आम्हाला परत दिली.' का रे, नेली होती कुणी?"

"बाई, भाषणात प्रश्न नसतात." मग विल्मारने आवाज खाली आणला. "गिरणीत संग्रहालय होतंय. देखरेखीला माणूस लागेल. खुर्ची, शेगडी, सोमवारी सुट्टी."

शेगडी ऐकून देल्मिरा हो म्हणाली. तिच्या जागी कुणीही म्हटलं असतं.

रविवारी सकाळी बँड वाजला. नगराध्यक्ष नेल्सन गोयेनेचे चाळीस मिनिटं आपल्या अथक परिश्रमांवर बोलले. मग देल्मिरा स्कर्ट सावरत पाण्यात उतरली. पाणी गार होतं. तिने खाली पाहिलं तर तळाच्या वाळूवर तिची दहाच्या दहा बोटं दिसत होती. या नदीत स्वतःचे पाय तिने जन्मात पाहिले नव्हते. काठावर तिच्या बरोबरीचे सगळे उभे होते, रिकाम्या हातांचे. कागदावरची ओळ काही केल्या तोंडातून निघेना.

"साहेब, यात एक चूक राहिलीय," ती माईकमध्ये म्हणाली. "ही नदी मी साफ केली. सोळा मार्च, दुपारी सव्वातीन. शेवटचा हौद, गडद निळा. त्याची झडप मी नदीकडे उघडली आणि फोरमनने दाराला कुलूप घातलं. तेव्हापासून आम्ही बाराशे जणांनी नदीत रंगाचा एक थेंब पडू दिलेला नाही. काम नसलं की जमतं ते."

सूतखात्यातली ओफेलिया ओरडली, "ए देल्मिरा, एकटीच श्रेय घेऊ नकोस! मीपण सात वर्षं काही केलेलं नाही!"

"मीपण!" "आणि मी!" हात वर होऊ लागले. काठ हसून हसून वाकला.

गोयेनेचे वीस वर्षं राजकारणात उगाच नव्हते. सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या, बुटांसकट पाण्यात उतरून तिला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो: 'नगराध्यक्ष आणि कामगार एकदिल'. ते आधीपेक्षा जास्त मतांनी निवडून आले. संग्रहालयातली खुर्ची त्यांच्या मेव्हणीला मिळाली. लोकरीशी तिचा संबंध अंगातल्या स्वेटरपुरता. देल्मिरा दोन दिवस चिडली. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि तिला चिडायला वेळ मिळाला नाही.

मे महिन्यात जाहीर झालं, की नदीच्या वरच्या अंगाला कातडी कमावण्याचा कारखाना येतोय. दोनशे चाळीस जागा. रांग कचेरीपासून चर्चपर्यंत गेली. देल्मिरा थर्मास घेऊन उभी राहिली, तर पुढे ओफेलिया.

"काय गं, त्या दिवशी पाण्यात उभं राहून केवढं बोललीस!"

"बोलले ना. आता कामाला जाते. सरक पुढे."

कारकुनाने विचारलं, "वय?"

"पन्नास."

त्याने तिच्या साठी गाठलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दयेने पंचावन्न लिहिलं. रंगाचा अनुभव म्हणून सहा महिन्यांच्या करारावर तिला घेतलं, नव्या पोरींना मिश्रणं शिकवायला.

पहिला आठवडा ती पूल टाळून मागच्या गल्लीने कामावर गेली. नदीला तोंड दाखवायचं तिच्या जिवावर येत होतं. पण गल्लीने बारा मिनिटं जास्त लागतात. दुसऱ्या सोमवारपासून ती पुलावरून जाऊ लागली.