गाइडची आई

किनाऱ्यावरचे प्राणी दाखवायला निघालेल्या त्या मिनीबसमध्ये चौदा माणसं होती, आणि त्यातल्या तेरा जणांना खरोखरच प्राणी बघायचे होते. चौदावी, खिडकीशी बसलेली, ही शिवणकाम करणारी बाई. तिला सील काय नि शेळी काय, सारखंच.

ती आली होती लेकासाठी. तो याच बसवर गाइड होता. बँकेतली चांगली नोकरी सोडून जनावरं दाखवत फिरणार म्हणाला, तेव्हा ही दारात आडवी उभी राहिली. "गेलास तर तू मला मेलास," म्हणाली. रागाच्या भरात माणूस काय नाही बोलत? पण तो पडला आईचाच मुलगा, गेला तो सहा वर्षं फिरकला नाही. आणि चार महिन्यांपूर्वी न्यूमोनियाने खरोखरच गेला. सहल कंपनीने त्याचं खोकं पाठवलं: रेनकोट, दुर्बीण, मोज्यांचे तीन जोड. चिठ्ठी नाही. तिने सगळे खिसे उलटे केले, रेनकोटचं अस्तरसुद्धा टाका टाका करून उसवलं. काही नाही. शेवटपर्यंत तो आपल्यावर रागावलेलाच होता का, एवढंच तिला कळायला हवं होतं. खोक्यावर कंपनीचा पत्ता होता. तिने तिकीट काढलं, आपण कोण ते सांगितलं नाही.

आभाळ सकाळपासून तोंड पाडून बसलं होतं. पहिला थांबा खाडीचा. पाण्यात एक बगळा एका पायावर उभा. नवा गाइड पंचविशीचा, हडकुळा, सर्दीने बेजार.

"तर मंडळी," तो नाक पुसत म्हणाला, "अर्धा तास थांबलात तरी हा हलणार नाही. माझी आई म्हणायची, घाईचा टाका दोनदा उसवावा लागतो!"

लोक हसले. बाईच्या हातातला रुमाल खाली पडला. अहो, हे वाक्य कुठल्या पुस्तकातलं नव्हतं, तिचं होतं! पोराच्या बोटांवर पट्टी मारत मारत तिने ते त्याच्या डोक्यात भरलं होतं.

पुढे पाणकावळे दिसले, 'माझी आई म्हणायची'. पाणमांजराने मासा पळवला, पुन्हा 'माझी आई म्हणायची'. सगळी हिचीच बोलणी, परक्या पोराच्या तोंडून. म्हणजे लेक रोज तिचं नाव काढत होता. रोज! मग एक फोन करता येत नव्हता मेल्याला? हिने तरी कुठे केला होता म्हणा. ती खिडकीकडे तोंड करून रडली, आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच तिने डबा अख्खा संपवला.

शेवटचा थांबा सीलचा. वाळूवर एकच पांढरं पिल्लू पडलं होतं, ओरडत.

"तीन आठवडे दूध पाजते," गाइड म्हणाला, "आणि एका सकाळी आई पाण्यात उतरते ती उतरतेच. वळून बघत नाही. हे बसतं वाट बघत. शेवटी भूकच त्याला पाण्यात ढकलते."

या वेळी 'माझी आई' काही म्हणाली नाही. लोक फोटो काढायला पांगले. बाईने त्याला गाठलं.

"तुमची आई शिवणकाम करते का हो?"

"माझी? ती टीव्ही बघत असेल घरी." तो हसला. "कोणाला सांगू नका मावशी, हे सगळं मी पाठ केलंय. आधीच्या गाइडने दोन महिने शेजारी बसवून घोकून घेतलं. आईसुद्धा त्याचीच."

"ती कुठे असते?" बाईने विचारलं.

"ती नाही. तो शाळेत असतानाच गेली, असं सांगायचा. फार मायाळू होती म्हणे. ताप आला की रात्रभर उशाशी बसायची. कधी आवाज चढवला नाही."

तापात तिने त्याला गोळी देऊन शाळेत धाडलं होतं, परीक्षा होती म्हणून. तिच्या पर्समध्ये लेकाचा फोटो होता. तिने पर्स उघडली, आणि मिटली.

"तुम्ही ओळखायचात का त्याला?" गाइडने विचारलं.

"त्याच्या आईला. शेजारी होतो आम्ही."

"हो? मग होती का ती तशीच?"

पिल्लू अजून ओरडत होतं. बाईने त्याच्याकडे बघितलं नाही.

"गेली ती, हे खरं आहे," ती म्हणाली. "पण आवाज चढवायची हो. फार चढवायची. तेवढं मात्र खोटं सांगत जाऊ नका लोकांना."